नातवंडांशी गाण्यातून गट्टी : नव्या आजी-आजोबांसाठी पहिल्या सहा वर्षांचा मार्गदर्शक

आपण आजी किंवा आजोबा होणार हे कळलं की घरात लगबग सुरू होते. दुपटी, झबली, टोपडी, पाळणा, सगळं आठवणीने काढलं जातं. गाण्याची तयारी मात्र कुणी करत नाही. मग बाळ मांडीवर येतं आणि ऐनवेळी अंगाईची दुसरी ओळच आठवत नाही. अशा वेळी हात आपोआप फोनकडे जातो, यूट्यूब लागतं आणि आपल्या वाटचं काम एक अनोळखी आवाज करून टाकतो.

हे होऊ नये म्हणून हा लेख. माझी नात माझ्याच घरात, साताऱ्यात वाढतेय आणि लेकीचा मुलगा न्यू जर्सीत आहे. एक मांडीवर, एक फोनवर. दोघांबरोबर गाताना जे जमलं आणि आजूबाजूच्या आजी-आजोबांकडून जे शिकायला मिळालं, ते क्रमाने देते आहे.

मी गायिका नाही. महिला भजनी मंडळात टाळ धरते, एवढंच माझं संगीत. हे मुद्दाम सांगते, कारण ‘मला कुठे गाता येतं?’ म्हणून कितीतरी जण, विशेषतः आजोबा मंडळी, सुरुवातीलाच बाजूला होतात. बाळाला गोड गळ्याचं काहीच पडलेलं नसतं. त्याला रोज ऐकू येणारा, ओळखीचा आवाज हवा असतो. तो तुमच्याकडे आहे.

आधी काय जमवायचं

- गाण्यांची वही. ठळक, मोठ्या अक्षरात लिहायची, म्हणजे चष्मा शोधत बसावं लागत नाही.
- साधा आवाज रेकॉर्ड करता येईल असा फोन, आणि नातवंड परगावी असेल तर तो उभा राहील असा स्टँड.
- एक-दोन छोटी वाद्यं. कुठली ते पुढे सांगितलं आहे. घाईने बाजारात जाऊ नका.
- बसायला बुटका स्टूल किंवा चौरंग. गुडघे दुखत असताना खाली बसून गायलात तर दोन मिनिटांत गाणं संपेल.
- कानाला यंत्र असेल तर ते. त्याविषयीही खाली आहे.

१. बाळाच्या आई-बाबांशी आधी बोलून घ्या

ही पायरी गाळली तर पुढची सगळी गडबड इथूनच होते. चार गोष्टी ठरवून टाका.

पहिली, झोपेची वेळ. बाळ झोपायला आलेलं असताना टाळ्या वाजवून नाचायची गाणी सुरू केलीत तर सुनेच्या कपाळाला आठी पडणारच. दुपारनंतर शांत गाणी, सकाळी धांगडधिंगा, असं ठरवलं की वाद उरत नाही.

दुसरी, झोपवण्याची सवय. ‘तुम्ही गाऊन झोपवता आणि गावाला गेलात की आमची रात्र जाते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ती खरी आहे. उपाय सोपा आहे. झोपेची एकच अंगाई ठेवायची आणि ती आई-बाबांनाही शिकवायची. मग कुणीही म्हटली तरी बाळ झोपतं.

तिसरी, भीती घालणाऱ्या ओळी. बुवा येईल, पोत्यात घालून नेईल, अशी गाणी आपण लहानपणी सर्रास ऐकली. आजच्या बहुतेक आई-बाबांना ती नको असतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. अंधारात डोळे मिटायला सांगायचं आणि त्याच वेळी बुवाचं नाव घ्यायचं, यात काही अर्थ नाही. चाल आवडत असेल तर शब्द बदला.

चौथी, व्हिडिओ. नातवंड गाताना चित्रित करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर रागावू नका.

२. पाच-सहाच गाणी निवडा

नवशिके आजी-आजोबा रोज नवं गाणं शोधत बसतात. मुलांना मात्र तेच ते हवं असतं. पुढे काय येणार हे ठाऊक असण्यातच त्यांची मजा असते. म्हणून दिवसातल्या ठरलेल्या क्षणांना एकेक गाणं जोडा:

- उठताना: भूपाळीसारखं संथ, किंवा साधं ‘उठा उठा’ म्हणणारं काहीही
- मालिश आणि अंघोळीला: ओवी
- जेवताना: चिऊ-काऊचं बडबडगीत
- मांडीवर घोडा-घोडा करताना: ठेक्याचं, उडतं गाणं
- दिवेलागणीला: तुमच्या घरात जे म्हणतात ते. प्रार्थना, आरती, अभंग, काहीही
- झोपताना: ती एक ठरलेली अंगाई

काही दिवसांत असं होतं की तुम्ही अंघोळीची ओवी सुरू केलीत की बाळ न्हाणीघराकडे बघायला लागतं. गाणं म्हणजे त्याचं घड्याळ होतं. शब्द कळायच्या आधी त्याला चाल कळते.

कोणती चाल निवडायची? सा ते प एवढ्या पाच सुरांत बसणारी. आपली बहुतेक पारंपरिक बडबडगीतं तेवढ्यातच फिरतात आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचा गळाही साधारण तेवढाच चालतो. तुमचं आवडतं जुनं चित्रपटगीतही चालेल, पण त्यातला उंच जाणारा अंतरा सोडा आणि धृपदच घोळवा.

गाणी आठवत नसतील तर घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईला फोन करा. मावशी, आत्या, थोरली जाऊ, कुणीही. ‘तू लहानपणी आम्हाला काय म्हणायचीस?’ एवढं विचारलं की झरा फुटतो. आणि जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या असतील तर पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर जा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ तिथे मूळ आवाजात ऐकता येतात. नातवंडांवरच्या, लेकरांवरच्या ओव्या त्यात आहेत. चाल उचलायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

३. ओवीत नातवंडाचं नाव घाला

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त जीव याच पायरीत आहे.

ओवीची रचना अगदी सोपी. तीन ओळी एका यमकाच्या, चौथी आखूड आणि मोकळी. आखूड ओळ रोज तीच ठेवायची. मी अंघोळीच्या वेळी म्हणते ती अशी:

सोनुबाई बसली न्हाया,
ऊन पाणी पडे पाया,
मऊ पंचा अंग पुसाया,
आजीपाशी।

जेवताना तीच चाल, शब्द दुसरे:

सोनुबाई आली जेवाया,
वरणभात कालवाया,
तूप वरून सोडाया,
आजीपाशी।

यात कवित्व काहीच नाही. समोर जे चाललंय तेच शब्दांत बसवायचं: पाणी, पंचा, तूप. ‘सोनुबाई’च्या जागी तुमच्या नातवंडाचं लाडाचं नाव घाला. आजोबा म्हणत असतील तर शेवटी ‘आबांपाशी’. दोन वर्षांच्या आसपास एक दिवस तुम्ही चौथ्या ओळीआधी नुसतं थांबा आणि बाळाच्या तोंडाकडे बघा. ते स्वतः ‘आजीपाशी’ म्हणेल. आमच्या नातीने आधी ‘पाशी’ एवढंच म्हटलं होतं, तोंडात भाताचा घास असताना. त्यानंतर ती ओळ मी कधी म्हणतच नाही. ती तिची झाली.

रिकामी जागा सोडण्याची ही युक्ती सगळ्या गाण्यांना लावा. गाणं पूर्ण म्हणून टाकलंत तर मूल श्रोता राहतं. शेवटचा शब्द सोडलात तर ते गाण्यात येतं.

४. सूर आणि लय मुलाची धरा

मोठ्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. आपण आपल्या सोयीच्या पट्टीत गातो आणि मुलाने त्यात यावं अशी अपेक्षा करतो. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो, मुलाचा आवाज वर असतो. घरात पेटी असेल तर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास सा धरा. तीन-चार वर्षांच्या मुलाला तिथून पंचमापर्यंत, म्हणजे प पर्यंत, सहज जाता येतं. तुमचा आवाज तिथे पोहोचत नसेल तर खालच्या सप्तकात गा, पुष्कळ मुलं वरच्या सप्तकात म्हणतात. मधेच कुठेतरी घुटमळणारी पट्टी मात्र दोघांनाही त्रासाची.

लयीचं त्याहून महत्त्वाचं. लहान मुलांची आपसूक लय मोठ्यांपेक्षा जलद असते. मूल डबा बडवत असेल तर ते बेतालं आहे असं समजू नका. तुम्हीच त्याच्या वेगाने टाळी द्या. ठरलेल्या ठेक्याला धरून राहणं चौथ्या वर्षाच्या सुमारास जमायला लागतं. त्याआधी ‘असं नाही, असं’ म्हणत त्याचे हात धरून टाळ्या वाजवून घेण्यात अर्थ नाही.

अंगाईला सहा मात्रांचा दादरा ताल छान बसतो: धा धी ना, धा ती ना. पाळण्याचा एक झोका तीन मात्रांचा, परतीचा तीन मात्रांचा. हाताने झोका देत मनात हे बोल म्हणा, चाल आपोआप स्थिरावते. खेळायच्या गाण्याला आठ मात्रांचा केरवा: धा गे ना ती न क धी न. भजनात बसलेल्या कुणालाही तो हातात असतोच.

५. वयाप्रमाणे काय करायचं

*जन्माआधी.* लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल तर तिच्याजवळ बसून गुणगुणा. शेवटच्या महिन्यांत बाळाला पोटात आवाज ऐकू येतात. आईचा आवाज तर जन्मतःच ओळखीचा असतो, म्हणून तिलाही गायला लावा.

*सहा महिन्यांपर्यंत.* चेहरा जवळ, साधारण वीतभर अंतरावर. ओळ संथ, ओठ स्पष्ट. बाळाने मान फिरवली की त्याला पुरे झालं असं समजायचं. थांबायचं.

*सहा महिने ते दीड वर्ष.* आता बाळ टाळी देतं, डुलतं. काही आजोबा विचारतात, ‘नुसतं बोललं तर चालणार नाही का?’ मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना कधी बोलणं ऐकवलं, कधी गाणं, तेही त्यांच्या घरात कुणाला येत नसलेल्या तुर्की भाषेतलं. गाणं ऐकताना बाळं रडू लागण्याआधी जवळपास दुप्पट वेळ शांत राहिली. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा परदेशातल्या घरात ‘त्याला मराठी कुठे कळतंय’ म्हणून कुणी गप्प बसवत असेल तर हे सांगा.

*दीड ते तीन.* रिकाम्या जागा भरण्याचं, हातवारे करण्याचं आणि ‘पुन्हा!’चं वय. पंधरा वेळा तेच गाणं म्हणावं लागेल. म्हणा. घसा कोरडा पडला तर कोमट पाणी प्या आणि ओठ मिटून गुणगुणा, मुलांना तेही चालतं.

*तीन ते सहा.* गोष्टीची गाणी, वाढत जाणारी गाणी, फेर धरायची गाणी. यासाठी भोंडल्यासारखं दुसरं काही नाही. नवरात्रात पाटावर हत्ती काढून मध्ये ठेवा, शेजारची चार मुलं बोलवा, फेर धरा. गाणं प्रत्येक कडव्यात एकेक शब्दाने लांबत जातं, त्यामुळे तीन वर्षांचं मूलही शेवटी सगळं म्हणू लागतं. आणि खिरापत ओळखायला मिळते म्हणून मुलगेसुद्धा टिकून राहतात. विदर्भ-खानदेशातल्यांना भुलाबाईची गाणी आठवत असतील, तीच म्हणा.

६. वाद्यं: कमी आणि सुरक्षित

पहिलं वाद्य स्वयंपाकघरातलं. स्टीलचा डबा उपडा आणि लाकडी चमचा. पैसे शून्य, आवाज भरपूर.

विकत घ्यायचंच असेल तर तीन वर्षांपुढे खंजिरी किंवा लाकडी चिपळ्या. चिपळ्यांच्या झांजा ज्या खिळ्यावर असतात तो हलतोय का ते ओढून बघा. पितळी टाळ जड असतात आणि दोरीने गरगर फिरवले की दातावर बसतात. ते तुमच्या हातात राहू द्या, मुलाने फक्त एक टाळ धरायचा आणि दुसरा तुम्ही त्यावर हलकेच आपटायचा.

घुंगरू तीन वर्षांखाली नकोच. दोरा तुटला की एक घुंगरू तोंडात गेलंच समजा. घशात अडकण्याजोग्या वस्तू ओळखायला घरी एक सोपी चाचणी आहे: जुन्या कॅमेऱ्याच्या रोळाची प्लास्टिकची डबी. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. खेळण्यांच्या तपासणीतलं नळकांडं साधारण तेवढ्याच, ३२ मिलिमीटरच्या आसपास व्यासाचं असतं.

गाणी वाजवणाऱ्या खेळण्यांबद्दल मी कडक आहे. त्यांत पुष्कळदा बटण सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणं घरात ठेवू नका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालयात जा. २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते बघून घ्या. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट असल्याने हाताने केलेल्या लाकडी खेळण्यांवर चिन्ह नसेल. तिथे रंग आणि सांधे स्वतः तपासा.

आवाजाचंही तसंच. खेळणं आधी स्वतःच्या कानाशी धरा. तुम्हाला टोचलं तर बाळाला नको. नातवंडाला खांद्यावर घेऊन ढोल-ताशा पथकासमोर किंवा डीजेच्या भिंतीजवळ उभं राहू नका. मिरवणूक गच्चीवरूनही दिसते.

पेटी असेल तर मुलांना पट्ट्यांपेक्षा भाता आवडतो. मग त्यांनी भाता हलवायचा आणि तुम्ही पट्ट्या दाबायच्या. भाता थांबला की गाणं थांबतं, जोरात हलला की गाणं मोठं होतं. आमची नात मुद्दाम थांबते, माझ्याकडे बघते, मी तोंड उघडं ठेवून गप्प बसते, आणि मग ती खदखदून हसत परत सुरू करते. भात्याच्या फटीत बोट चिमटणार नाही असं तिला बसवायचं, एवढीच काळजी.

७. खास आजोबांसाठी

अंगाई ही बायकांची गोष्ट, असं मनात असेल तर ते काढून टाका. जाड, खर्जातला आवाज छातीशी धरलेल्या बाळाला कानाने ऐकू येतो आणि अंगालाही जाणवतो; हे आजीला तेवढं जमत नाही. गायला संकोच वाटत असेल तर हरिपाठ म्हणा, पाढे चालीत म्हणा, पोवाड्याच्या ठसक्यात ‘भाजी आणायला चाललो’ म्हणा. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं तर मुलांना फार आवडतं.

८. नातवंड परदेशात असेल तर

आधी वेळ. भारत आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आमच्याकडे नातवाची नाश्त्याची वेळ धरली आहे: त्याचे सकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे पाच, हिवाळ्यात सहा. तो खुर्चीत बसलेला असतो, हातात खाऊ असतो, पळून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली बसल्या जागी पडदा बघणं नकोच, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत. व्हिडिओ कॉल मात्र वेगळा: अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दीड वर्षाखालच्या मुलांनाही तो चालेल म्हटलं आहे, कारण समोर बोलणारं, उत्तर देणारं माणूस असतं. तरी दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

आता मुख्य अडचण. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाता येत नाही. आवाज पोहोचायला उशीर लागतो, त्यामुळे दोघं एकदम गायलात तर प्रत्येकाला दुसरा मागे पडल्यासारखा वाटतो आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून प्रश्नोत्तरांची गाणी घ्या. तुम्ही एक ओळ म्हणायची आणि गप्प राहायचं. मनात तीन आकडे मोजा. तिकडून उत्तर येईल. शेवटच्या शब्दाची रिकामी जागा इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. आरती किंवा टाळ्यांचं गाणं असेल तर एका बाजूचा माइक बंद ठेवायचा: ते तुमच्याबरोबर गातात, तुम्ही त्यांना नुसतं बघता. ते बघणंही सुख आहे.

दुसरी गोष्ट, टाळ-पेटी वाजवली की तिकडे आवाज तुटक जातो. कॉलिंगची ॲप्स वाद्याला गोंगाट समजून दाबतात. झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय चालू करा, फरक लगेच कळतो. फोनवर साध्या कॉलला वाद्य सोडा आणि तोंडानेच गा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको, आणि फक्त तोंड नव्हे तर हातही दिसले पाहिजेत, कारण मुलं हातवारे उचलतात.

शक्य असेल तर दोन्ही घरांत सारखंच वाद्य ठेवा. कुणी जाणारं-येणारं असलं की चिपळ्यांची एक जोडी पाठवा. पडद्यावर आजीच्या हातात जे दिसतं तेच आपल्या हातात आहे, याचं मुलाला फार अप्रूप असतं. उच्चार मात्र सुधारत बसू नका. नातू ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतो. म्हणू दे. तुमचा ‘ळ’ त्याच्या कानावर पडतोय तेवढं पुरे.

९. आवाज जपून ठेवा

प्रत्येक गाणं वेगळ्या फाइलमध्ये रेकॉर्ड करा. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. फोन तोंडापासून हातभर लांब. फाइलला गाण्याचं नाव द्या, नाहीतर ‘रेकॉर्डिंग ४७’ मध्ये अंगाई आहे की आरती ते कुणाला कळणार नाही. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर आवाज दाबला जात नाही. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. सुरुवातीला बाळाचं नाव घेऊन दोन वाक्यं बोला: आज पाऊस पडतोय, अंगणात प्राजक्त फुललाय. तुम्ही गावाला गेलात किंवा नातवंड परत गेलं की आई-बाबा रात्री हेच लावतात.

१०. नेहमीच्या फसगती

*‘म्हणून दाखव ना!’* पाहुण्यांसमोर मुलाला उभं करून गायला लावणं. यात गाण्याचा खेळ संपतो आणि परीक्षा सुरू होते. पाहुणे आले की तुम्हीच सुरू करा, मुलाला वाटलं तर येईल.

*सुधारणा.* सूर चुकला, शब्द चुकला, म्हणून मधेच थांबवणं. पुढच्या खेपेला तुम्ही बरोबर म्हणा, बस.

*तुलना.* ‘शेजारची आठवड्यात श्लोक शिकली.’ हे मुलासमोर कधीही नको.

*पार्श्वसंगीत.* दिवसभर मागे गाणी चालू असली की मूल ऐकायचंच सोडून देतं. लावा, ऐका, बंद करा.

*आजी विरुद्ध आजी.* दोन्हीकडच्या आज्यांची अंगाई वेगळी असेल तर असू द्या. मुलाला कुणाकडे कुठली हे पक्कं ठाऊक असतं.

११. कानांकडे लक्ष, त्याच्या आणि आपल्या

बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहा महिन्यांच्या सुमारास हाकेकडे मान वळवत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नका. कानांची तपासणी करून घ्या, ती नवजात बाळाचीही होते आणि दुखत नाही. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याही कामासाठी आहेत. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे. गाणी म्हणणाऱ्या आजी-आजोबांच्या हे सगळ्यात आधी लक्षात येऊ शकतं.

आपल्या बाबतीत, वयाबरोबर आधी उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि मुलांचे आवाज उंचच असतात. नातवंडाचं बोलणं तेवढं कळत नसेल तर तपासून घ्या. यंत्र असेल आणि गाणं विचित्र ऐकू येत असेल तर तज्ज्ञांना संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून मागा. पुष्कळ यंत्रांत तो असतो. बाळाने गळ्याला मिठी मारली की यंत्र शिट्टी वाजवतं, त्याने घाबरू नका. डोकं दुसऱ्या खांद्यावर घ्या.

१२. क्लास कधी लावायचा?

हा प्रश्न चौथ्या वर्षी सुरू होतो. घाई नको. पेटी-तबल्यासाठी सहा-सात वर्षं हे बरं वय आहे. तोवर बोटांत जोर आणि एका जागी बसण्याची तयारी येते. ‘प्रारंभिक’चा, म्हणजे संगीताच्या पहिल्या परीक्षेचा, विचार त्याच्याही पुढे. त्याआधी घरात फेर धरणं, देवळातल्या भजनाला मांडीवर बसून ऐकणं, पेटीचा भाता मारणं, एवढं पुष्कळ झालं. क्लास निवडताना फीच्या आधी एक गोष्ट विचारा: ‘पहिले काही दिवस मी मुलाला घेऊन मागे बसले तर चालेल का?’ जिथे हो म्हणतील तिथे नाव घाला.